कोलारकाठची थकबाकी

मराठी वाचकाला सावनेर ठाऊक असते ते राम गणेश गडकऱ्यांमुळे. 23 जानेवारी 1919 रोजी गडकरी इथे वारले आणि नागपूर जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव वाङ्मयाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. आज मात्र दादरच्या एखाद्या घरात किंवा पिंपरीच्या कारखान्यात कुणी बटण दाबले, तरी त्या विजेचा थोडाफार भाग सावनेर तालुक्यातून गेलेला असण्याची शक्यता बरीच आहे. ते कुठे नोंदले जात नाही.

नागपूरहून उत्तरेकडे निघाले की कोराडीच्या जगदंबेचे देऊळ आणि कोराडी वीजकेंद्राच्या चिमण्या एकाच टापूत लागतात. पुढे खापरखेड्याच्या चिमण्या, मग पाटणसावंगी, मग सावनेर. तिथून एक रस्ता पांढुर्ण्यावरून बैतूलकडे जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी, तूर, मधूनच संत्र्याच्या बागा आणि त्यांच्या पोटाखाली गोंडवन काळातला कोळसा. कामठी कोळसाक्षेत्र म्हणतात तो हाच पट्टा. सिल्लेवाडा, वलनी, पिपळा, पाटणसावंगी, भानेगाव, आदासा आणि सावनेरच्या क्रमांक घातलेल्या खाणी. ही नावे ज्यांच्या घरी पगार येतो त्यांना तोंडपाठ असतात, बाकी महाराष्ट्राला त्यांच्याशी देणेघेणे नसते. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक म्हणून आदाशाच्या गणपतीला लोक जातात. त्याच आदाशाच्या भूमिगत खाणीचे खुल्या खाणीत रूपांतर करून 2020च्या नोव्हेंबरात तिचे उद्घाटन झाले, हे किती भाविकांना माहीत असेल?

खापरखेडा वीजकेंद्र सावनेर तालुक्यातच आहे. 210 मेगावॉटचे चार संच आणि 500 मेगावॉटचा एक, मिळून 1340 मेगावॉट. शेजारचे कोराडी 2190 मेगावॉटचे. त्यात चंद्रपूरचे 2920 आणि अकोला जिल्ह्यातल्या पारसचे 500 मिळवले, तर महानिर्मिती या राज्याच्या वीजकंपनीच्या कोळशावरच्या एकूण क्षमतेपैकी दोन तृतीयांशाहून जास्त क्षमता एकट्या विदर्भात येते. कोळसा इथे, म्हणून केंद्रे इथे, हे तर्कशास्त्र चुकीचे नाही. कोळसा वाहून नेण्यापेक्षा तारेतून वीज नेणे स्वस्त पडते. पण वीज तारेतून जाते आणि राख मागे राहते. विजेचा दर ठरवताना मागे राहिलेल्या गोष्टींचा आकडा आजवर कुणी धरला नाही. ती थकबाकी आहे आणि स्वच्छ ऊर्जेच्या गप्पा मारण्याआधी ती मान्य व्हायला हवी, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

आधी खाणीत उतरू. 1973 साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, 1975 साली कोल इंडिया आली आणि तिच्या पोटी नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स, इथल्या बोलण्यातली वेकोलि. सावनेरच्या खाणी भूमिगत आहेत. खाणीत जाणाऱ्याने आधी हजेरी लावायची, दिव्यांच्या खोलीतून टोपीचा दिवा घ्यायचा, कमरेला बॅटरी अडकवायची, विषारी वायूपासून वाचवणारा छोटा डबा सोबत घ्यायचा. मग उतरता बोगदा. पहिल्या वळणानंतर दिवसाचा उजेड संपतो. भिंती काळ्या असतील असे बाहेरच्या माणसाला वाटते, पण आतल्या गॅलऱ्या पांढुरक्या दिसतात. कारण कोळशाच्या धुळीचा भडका उडू नये म्हणून तिच्यावर चुनखडीची भुकटी मारलेली असते. कोळसा काढताना मधेमधे जाड खांब सोडतात, छताला पोलादी बोल्ट ठोकतात. सगळ्यात शेवटी, परतताना, ते खांबही काढून घेतात आणि छत आपल्याआपण खाली बसू देतात. खाणीतले काम करून म्हातारा झालेला कोणीही सांगेल की छत पडण्याआधी बोलते. बारीक कडकड, वरून सुटलेली माती, लाकडी टेकूचा आवाज. ते ऐकू येणारा कान तयार व्हायला वर्षे जातात.

2016च्या अखेरीस वेकोलिने राज्याच्या पर्यटन महामंडळाबरोबर खाण-पर्यटन सुरू केले. सावनेरची भूमिगत खाण, गोंडेगावची खुली खाण आणि सावनेरला उभारलेले लोकमान्यांच्या नावाचे उद्यान. नागपूरच्या मुलांनी हे पाहावे असे मला मनापासून वाटते. ज्या माणसांच्या जिवावर आपण पंखा लावतो ती माणसे कुठे काम करतात हे शाळेच्या पुस्तकातून कळत नाही. पाटणसावंगीच्या खाणीतून उपसलेले पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरण्याचा प्रकल्पही वेकोलिने केला. खाणीवरची माती बाजूला काढताना निघणाऱ्या रेतीपासून बांधकामाची वाळू करण्याचे काम भानेगावला झाले. ही कामे चांगली आहेत आणि ती करणाऱ्या अभियंत्यांना त्याचे श्रेय दिले पाहिजे. पण खाणीच्या पाण्याला जितके लक्ष मिळाले तितके राखेच्या पाण्याला मिळाले असते, तर या तालुक्याची आणि शेजारच्या कामठी-पारशिवनीची गोष्ट वेगळी झाली असती.

राखेचा हिशेब कुणालाही घरी बसून करता येतो. एक युनिट वीज करायला साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. खापरखेड्याचे 1340 मेगावॉट पूर्ण भाराने चोवीस तास चालले तर 3 कोटी 21 लाख युनिट होतात. म्हणजे दिवसाला वीस हजार टनांहून जास्त कोळसा. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्के असते. एक तृतीयांश धरले तरी सुमारे सात हजार टन राख, आणि ती रोज. यातली काही राख कोरडी उचलली जाते. बल्कर भरून सिमेंट कारखान्यांकडे, विटांच्या भट्ट्यांकडे, रस्त्याच्या भरावाला. उरलेली पाण्यात कालवून पाइपातून राखेच्या तलावात सोडतात. खापरखेड्याची वारेगावला, कोराडीची खसाळ्याला. राख तळाशी बसते, वरचे पाणी निघते, आणि ते पाणी शेवटी उतार शोधते.

इथला उतार कोलार नदीकडे जातो. सावनेरवरून येणारी कोलार बिना संगमाजवळ कन्हानला मिळते, पेंचही तिथेच येते. कन्हानचे पाणी नागपूर शहर पिते. म्हणून राखेचा प्रश्न फक्त आसपासच्या गावांचा आहे असे नागपूरकरांनी समजू नये. नदीत राख आली की महापालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रालाही ती निस्तरावी लागते.

2021 साली मंथन अध्ययन केंद्र, असर आणि नागपूरचे सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थांनी कोराडी-खापरखेडा परिसरातल्या गावांतून पाण्याचे आणि राखेचे नमुने घेऊन अहवाल काढला. विहिरी-हातपंपांच्या पाण्यात जड धातू आणि फ्लोराइडसारखी द्रव्ये मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याचे त्यात म्हटले होते. गावकरी हे कित्येक वर्षे आपल्या शब्दांत सांगत होते. पाणी पांढरट येते, भांड्याला थर बसतो, वाऱ्याच्या दिवसांत कपडे बाहेर वाळत घालता येत नाहीत, कापसाच्या बोंडावर करडी पूड बसते. प्रयोगशाळेचा कागद आल्यावरच त्यांचे म्हणणे खरे मानले गेले, ही आपल्या व्यवस्थेची जुनी सवय. 2022च्या फेब्रुवारीत तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावला येऊन गेले आणि तिथल्या तलावात राख सोडणे थांबवण्याचा आदेश निघाला. पाइप निघाले. नांदगावकरांचा तो विजयच होता.

त्याच वर्षीच्या जुलैत, धो धो पावसात, खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बंधारा फुटला. राखेचे पाणी शेतांत, नाल्यांत, घरांत आणि तिथून नदीत गेले. पेरणी नुकती झालेली होती. राख जिथे थरावर थर बसते तिथे ती सिमेंटासारखी आवळते, पाऊस आत मुरू देत नाही, आणि पीक उगवले तरी पिवळे पडते. असे वावर पुन्हा हाती यायला किती हंगाम लागतील, हे पंचनाम्यात लिहिता येत नाही. पंचनाम्यात त्या वर्षीचे पीक मोजतात.

राखेबद्दल कायदा नाही असे नाही. पहिली अधिसूचना 1999ची आहे आणि त्यानंतर मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. 31 डिसेंबर 2021च्या अधिसूचनेने शंभर टक्के राख वापरण्याचे बंधन पुन्हा घातले, जुन्या साठलेल्या राखेलाही दहा वर्षांची मुदत दिली आणि न वापरलेल्या राखेवर टनाला 1000 रुपये पर्यावरण भरपाई ठरवली. ही भरपाई कडकपणे वसूल झाली असती आणि ज्या गावचे हवा-पाणी गेले त्याच गावात खर्च झाली असती, तर वारेगाव-खसाळ्याच्या प्रत्येक घरी शुद्ध पाण्याचा नळ आणि फिरता दवाखाना केव्हाच आला असता. भरपाई कायद्यात लिहिणे सोपे असते. तिला गावचा पत्ता लावणे हे खरे काम आहे.

धुराचेही तसेच झाले. 2015च्या डिसेंबरात केंद्राने औष्णिक केंद्रांसाठी गंधकाच्या वायूची मर्यादा ठरवली आणि त्यासाठी चिमणीआधी वायू धुणारी यंत्रणा बसवायला सांगितले. दोन वर्षांची मुदत होती. ती वाढत वाढत गेली आणि 2025च्या जुलैत देशातल्या सुमारे चार-पंचमांश संचांना यातून सूटच मिळाली. दिल्ली परिसराच्या किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहराच्या दहा किलोमीटरांच्या आत असणाऱ्या केंद्रांना मात्र 2027 अखेरची मुदत उरली. भारतीय कोळशात गंधक कमी असते, यंत्रणा महाग आहे, दर वाढेल, हे सरकारचे म्हणणे मी ऐकले आहे आणि पहिली दोन विधाने खरीही आहेत. पण गंधकाचा वायू हवेत गेल्यावर सूक्ष्म कण बनतो आणि तो कण कुणाच्या छातीत गेला याचा दर वीजबिलात येत नाही. दरवाढ टळली, असे म्हणताना दवाखान्याचे बिल कुणाच्या नावावर फाडले गेले हेही म्हटले पाहिजे.

आता दुसरी बाजू, कारण ती तितकीच खरी आहे. भारतात दरडोई वीजवापर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. 30 मे 2024 रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली, तीही भर उन्हाळ्यात, जेव्हा नागपूर 45 अंशांच्या वर होते. त्या दुपारी सौरऊर्जा हाताशी होती. रात्री नऊ वाजता कूलर चालले ते कोळशावर. 2025च्या मध्यापर्यंत देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आगेमागे आहे, आणि 2024-25 साली देशाने पहिल्यांदाच शंभर कोटी टनांवर कोळसा काढला. 2021 साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळसा ‘बंद करणे’ऐवजी ‘कमी करणे’ असा शब्द भारताने घालून घेतला, तेव्हा युरोपातून टीका झाली. ज्यांनी दोनशे वर्षे कोळसा जाळून घरे उबदार केली त्यांनी सावनेरच्या शेतमजुराला काटकसर शिकवू नये, हे मला पटते. पण त्या शेतमजुराच्या नावाने दिल्लीत मिळवलेली सवलत त्याच्या विहिरीतली राख काढत नाही, हेही तितकेच पटते.

विजेच्या या माहेरघरी शेतकऱ्याला वीज कशी मिळते ते पाहा. कृषिपंपाला थ्री फेज लाईन आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, असे वेळापत्रक वर्षानुवर्षे चालत आले. रात्रीची पाळी म्हणजे रब्बीच्या थंडीत बारा-एक वाजता उठायचे, गमबूट घालायचे, डोक्याला बॅटरी बांधायची, धुऱ्याधुऱ्याने मोटारीपर्यंत जायचे. हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी सोडले की एक सरी भरली, दुसरी फोडली, असे पहाटेपर्यंत. फावड्याच्या दांड्याने आधी गवत हलवून मगच पाय टाकायचा, कारण मण्यार रात्रीच फिरते. जंगलालगतच्या शिवारात रानडुक्कर आणि बिबट्याची धास्ती वेगळी. मधेच लाईन गेली की तिथेच बांधावर बसून राहायचे. ओलिताची शेती म्हणजे भाग्याची, असे शहरात वाटते. तिच्या पाठीशी या रात्री आहेत.

म्हणून दिवसा येणारी सौर वीज हा इथे हवामानाचा विषय होण्याआधी झोपेचा आणि जिवाचा विषय आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017ची. 2023 साली तिची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्राजवळ काही एकरांवर सौर पॅनेल लावायचे आणि ती वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची. जमीन भाड्याने देणाऱ्याला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये आणि दरसाल तीन टक्के वाढ. या दुसऱ्या आवृत्तीतला पहिला प्रकल्प 2024 साली वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. अशा प्रकल्पांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, नव्या कोळसा केंद्राच्या विजेपेक्षा बरीच स्वस्त. शेतावर स्वतंत्र सौरपंप हवा असेल तर दहा टक्के हिस्सा भरून तो मिळण्याची योजना आहे, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के. अलीकडच्या सगळ्या ऊर्जा धोरणांत मला ही सर्वांत जास्त आशेची वाटते. एक काळजी मात्र आहे. संत्रापट्ट्यात भूजल आधीच खोल गेले आहे, आणि फुकटची दिवसाची वीज मिळाल्यावर बोअर आणखी खोल जाईल. पंपाबरोबर ठिबक आणि पाण्याचा ताळेबंद आला नाही, तर आज विजेसाठी जागणारा शेतकरी उद्या पाण्यासाठी जागेल.

छतावरच्या सौरऊर्जेत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. तीन किलोवॉटला 78 हजारांचे अनुदान मिळते, त्यामुळे सावनेरसारख्या गावांतही निळ्या काचा दिसू लागल्या. पण त्या काचा पक्क्या स्लॅबच्या घरांवर बसतात. खाणीच्या कंत्राटी कामगाराच्या टिनाच्या घरावर त्या बसत नाहीत. बदलाचा फायदा ज्याच्याकडे आधीच काही आहे त्याला आधी पोचतो. धोरण आखणाऱ्यांनी हे रोखायला आत्ताच काही केले नाही तर पुढे रोखता येणार नाही.

आणि नोकऱ्या. भूमिगत खाणीतून कोळसा काढणे महाग पडते. वेकोलिचा बहुतांश कोळसा आता खुल्या खाणींतून येतो. म्हणून सावनेरसारख्या भूमिगत खाणींचे आयुष्य कोळसा संपण्याआधीच हिशेबाच्या वहीत संपू शकते, त्याला सौरऊर्जेची गरज नाही. कायम कामगाराची बदली होईल, निवृत्तिवेतन मिळेल. जमीन गेली म्हणून दोन एकरांना एक या नियमाने नोकरी मिळालेला मुलगाही कुठेतरी सामावला जाईल. पण टिप्परवर असलेला चालक, कंत्राटदाराकडचा फिटर, खाणीच्या फाटकासमोर पोहे-तर्री विकणारी बाई, पगाराच्या आठवड्यात उधारी वसूल करणारा किराणा दुकानदार, यांचे नाव कुठल्याच यादीत नसते. सौर प्रकल्प उभा राहताना माणसे लागतात. उभा राहिल्यावर पॅनेल पुसायला आणि राखण करायला मूठभर पुरतात. नवी नोकरी बुटीबोरीच्या कारखान्यात निघाली तर ती सावनेरच्या पोराला रोज दोन वेळा नागपूर ओलांडायला लावते. तेव्हा पर्याय तालुक्यातच तयार व्हायला हवेत. पंप आणि इन्व्हर्टर दुरुस्ती, राखेच्या विटा-पेव्हर ब्लॉकचे कारखाने, संत्र्यावर प्रक्रिया. सावनेरच्या आयटीआयमध्ये खाण बंद होण्याच्या पाच वर्षे आधी ते शिकवायला सुरुवात झाली पाहिजे, नंतर नव्हे.

यासाठी पैसा नाही असे कुणी म्हणू नये. कोळशावर 14 टक्के स्वामित्वधन आहे. 2015च्या कायदादुरुस्तीने त्याच्या जोडीला जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आला, तो खाणबाधित गावांसाठीच आहे. नागपूर जिल्ह्यात तो दरवर्षी जमा होतो. तो कोणत्या गावात कशावर खर्च झाला याची यादी प्रत्येक बाधित ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवली पाहिजे. बंद पडलेल्या खाणींची, राख भरून संपलेल्या तलावांची जमीन पडून आहे, आणि उपकेंद्रे व उच्चदाब वाहिन्या तिच्या शेजारून जातात. सौर प्रकल्पाला सुपीक वावर भाड्याने घेण्याआधी ही जमीन वापरून पाहायला काय हरकत आहे?

राज्याचा ओढा मात्र दुहेरी आहे. एकीकडे सौर वाहिनी, दुसरीकडे कोराडीला 660 मेगावॉटचे आणखी दोन संच. 29 मे 2023ला, नागपुरी उन्हाच्या ऐन भरात, त्यांची जनसुनावणी झाली तेव्हा पर्यावरणवादी संस्था आणि नागरिकांनी जोरदार विरोध नोंदवला. नव्या सुपरक्रिटिकल संचांना युनिटमागे कमी कोळसा लागतो आणि जुने संच बंद करण्याचा मार्ग मोकळा होतो, ही बाजू मला मान्य आहे. रात्रीच्या मागणीला उत्तर लागेलच. पण त्या उत्तरासाठी घाटघरसारखे पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प आणि बॅटऱ्या किती स्वस्त होत आहेत, याची तुलना मांडल्याशिवाय आणखी पंचवीस-तीस वर्षांचा कोळसा नागपूरच्या उशाशी बांधून घेणे मला धोक्याचे वाटते. महानिर्मितीला मिळालेली छत्तीसगडची गारे पेल्मा खाण कोराडीसाठीही आहे. 2025च्या जूनमध्ये तिथल्या रायगढ जिल्ह्यातल्या मुडागावला तिच्यासाठी झाडे तोडली गेली तेव्हा तिथले आदिवासी रस्त्यावर होते. कोराडीच्या बॉयलरची एक बाजू आता त्या जंगलाशीही जोडली आहे.

त्या दोन संचांचे 1320 मेगावॉट म्हणजे जवळजवळ दुसरे खापरखेडाच. सुधारित तंत्र धरूनही राख दिवसाला सहा हजार टनांच्या घरात जाईल. नांदगावच्या तलावात राख सोडणे एकदा आदेशाने थांबवावे लागले आहे, खसाळ्याचा बंधारा एकदा फुटला आहे, वारेगाव भरत आले की ते वाढवण्याची चर्चा पुन्हा सुरू होईल. पायाभरणीआधी कोलार आणि कन्हानकाठच्या ग्रामसभांना ही राख कुठे जाणार, कोण उचलणार, बंधारा कोण तपासणार आणि तो फुटला तर किती दिवसांत कुणाच्या खात्यात किती रक्कम येणार, हे गट क्रमांकासकट, मराठीत, सही-शिक्क्यानिशी लेखी मिळाले पाहिजे.